मुद्दलाला हात लावायचा नाही

‘समुद्र दाराशी आलाय आणि ही माणसं चर्चमध्ये बसून भजनं म्हणतात, हे कसं?’ तुवालू आणि किरिबाटी या पॅसिफिक महासागरातल्या चिमुकल्या देशांची बातमी वाचली, की हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याच्या पोटात एक गृहीत दडलेलं असतं. देवावर हवाला टाकणारा माणूस बांध कशाला घालील, धान्य कशाला साठवील?

आपल्याकडे वसईनं हे गृहीत केव्हाच खोटं पाडलं आहे. ज्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं, तेच ‘हरित वसई’च्या लढ्यात विहिरी आणि बागायती वाचवायला रस्त्यावर उतरले होते. पण वसई हा एक तालुका. तुवालू आणि किरिबाटीत अख्ख्या देशाचा प्रश्न आहे, आणि दोन्हीकडे जवळजवळ सगळी प्रजा ख्रिस्ती. तुवालूचं ब्रीदवाक्यच ‘देवासाठी तुवालू’ असं आहे.

शिवाय हे दोघे सख्खे शेजारी. ब्रिटिश अमलात ‘गिल्बर्ट आणि एलिस बेटं’ अशी त्यांची एकच वसाहत होती. १९७४च्या सार्वमतात एलिस बेटांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी वेगळं व्हायचा कौल दिला. १९७८मध्ये एलिस बेटं तुवालू या नावानं स्वतंत्र झाली, १९७९मध्ये उरलेली बेटं किरिबाटी या नावानं. समुद्र तोच, बायबलही तेच. तरी पुढच्या पिढीसाठी काय करून ठेवायचं, याची उत्तरं मात्र निराळी निघाली. ती का, हे पाहण्याआधी पाण्याचं काय चाललं आहे ते समजून घेऊ.

१. पाणी आधी खालून येतं

ही बेटं प्रवाळाची, आपल्या लक्षद्वीपच्या जातीची. मधे उथळ, शांत पाणी आणि भोवती पोवळ्याच्या चुऱ्यानं आणि वाळूनं बनलेल्या जमिनीची अरुंद कडी. तुवालूत एकूण नऊ बेटं. सगळी मिळून जमीन २६ चौरस किलोमीटर, लोकवस्ती सुमारे ११ हजार. बहुतेक जमीन समुद्रापेक्षा जेमतेम दोन-तीन मीटर उंच.

इथे नदी नाही, तळं नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर, वरणावर तुपाचा थर राहावा तसं तरंगत राहतं, कारण गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. बेटावरचे लोक या थरापर्यंत खड्डे खणून त्यात ‘पुलाका’ नावाचा अळूच्या कुळातला मोठा कंद लावतात. समुद्र वर सरकला, की भरतीचं पाणी किनारा ओलांडायच्या आधी या थरात शिरतं. कंद कुजतो. घरात पाणी शिरलेलं नसतं, पण शेत गेलेलं असतं.

राजधानी फुनाफुटीजवळ समुद्राची पातळी गेल्या तीस वर्षांत सुमारे १५ सेंटिमीटर वाढली आहे. त्याच वेळी एक उलटी वाटणारी गोष्टही खरी आहे. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी जुनी हवाई छायाचित्रं आणि उपग्रहचित्रं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा १९७१ ते २०१४ या काळात तुवालूचं एकूण क्षेत्रफळ २.९ टक्के वाढलेलं निघालं. लाटा पोवळ्याचा चुरा उचलून किनाऱ्यावर टाकतात. एकीकडून बेट झिजतं, दुसरीकडून भरतं. म्हणून ‘अमुक साली तुवालू बुडणार’ असे मथळे देणाऱ्या वर्तमानपत्रांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. जमीन वाढूनही राहणं अवघड होऊ शकतं. २०११मध्ये पाऊस इतका लांबला, की देशात आणीबाणी जाहीर झाली आणि समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं विमानानं आणावी लागली. २०१५मध्ये ‘पाम’ चक्रीवादळाच्या लाटांनी जवळपास निम्म्या लोकांना घराबाहेर काढलं.

२. नोहाला दिलेलं वचन

उत्पत्तीच्या पुस्तकातली गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. माणसांच्या पापाला कंटाळून देवानं जलप्रलय आणला, नोहाच्या तारवात जे होते तेवढेच वाचले. पाणी ओसरल्यावर देवानं करार केला, की पुराच्या पाण्यानं पृथ्वीचा पुन्हा नाश करणार नाही, आणि खूण म्हणून ढगांत धनुष्य ठेवलं.

आता ही गोष्ट प्रवाळद्वीपावर राहून वाचा. समुद्र चढतोय असं परदेशी तज्ज्ञ सांगतात. बेटावरचा म्हातारा इंद्रधनुष्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, आमच्याशी करार झालेला आहे. पॅसिफिकमध्ये काम केलेल्या अनेक संशोधकांनी हे ऐकलं आहे. बरेच जण ते अडाणीपण समजून पुढे गेले. मला ते तेवढं सरळ वाटत नाही. ‘तुम्ही बुडणार’ हे बाहेरच्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं ऐकून घेणाऱ्या माणसाला आपल्या देशाला भविष्य आहे असं म्हणायला जे शब्द हाताशी होते, ते त्यानं वापरले. श्रद्धेसोबत त्यात स्वाभिमानही आहे.

तरी या वाचनात धोका होताच आणि तो आधी ओळखला तो चर्चनंच. २००४च्या मार्चमध्ये किरिबाटीच्या तारावा बेटावर पॅसिफिकमधली चर्चेस एकत्र आली. तिथून निघालेलं ‘ओतिन ताई’ जाहीरनामा म्हणून ओळखलं जाणारं निवेदन हवामानबदल माणसाच्या करणीतून होतो असं स्पष्ट मांडतं आणि चर्चनं यात पडलं पाहिजे असं सांगतं. तुवालूच्या चर्चचे पाळक आणि धर्मअभ्यासक ताफुए लुसामा यांच्यासारख्यांनी पुढे वर्षानुवर्षं हा युक्तिवाद नेटानं मांडला. थोडक्यात तो असा: वचन देवानं स्वतःपुरतं दिलं होतं. मी पूर आणणार नाही, असं तो म्हणाला. दुसऱ्या खंडातल्या माणसांनी कोळसा आणि तेल जाळून आणलेल्या पाण्याची हमी त्या करारात नाही. करार देवानं मोडलेला नाही, माणसानं मोडला आहे.

यावर कुणालाही चटकन सुचेल, की नोहानंही पावसाआधी तारू बांधलंच होतं, म्हणजे तयारी करा. सुचायला सोपं, पण फार कामाचं नाही. तारवात आठच माणसं होती. बाकी सगळा गाव पाण्यात गेला. ज्या देशाला आपली सगळी माणसं सांभाळायची आहेत, त्याला तारू हा नमुना म्हणून पुरत नाही. त्यासाठी बायबलातच दुसरीकडे जावं लागतं, जिथे पूर नाही, शेतजमिनीचे हिशेब आहेत.

३. शेत विकायचं नाही, पिकं विकायची

लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात ‘योबेल वर्षा’चा कायदा आहे. दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची. कारण जमीन देवाची, माणूस तिच्यावर पाहुणा. असा कायदा असेल तर जमिनीची किंमत कशी ठरवायची, तेही तिथेच सांगितलं आहे.

एक उदाहरण घेऊ. एका शेतातून वर्षाला १०० रुपयांचं पीक निघतं. योबेल वर्षाला ३० वर्षं उरली असतील तर त्या शेताची किंमत ३ हजार रुपये. ५ वर्षंच उरली असतील तर ५०० रुपये. शेत तेच, माती तीच. पण विक्रीला शेत काढलेलंच नाही, उरलेली पिकं काढली आहेत. बापाला अडचण आली तर त्यानं आपल्या वाट्याची पिकं विकावीत, नातवाची विकायचा त्याला हक्क नाही. हा कायदा प्रत्यक्षात कितपत पाळला गेला, याबद्दल अभ्यासक साशंक आहेत. कल्पना मात्र पक्की आहे. अर्थशास्त्रात ‘पिढ्यांमधला न्याय’ म्हणून जे मांडतात, ते इथे शेताच्या भावात बसवलं आहे.

त्याला जोडून यहेज्केल संदेष्ट्याचं म्हणणं ठेवायला हवं. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले, अशा अर्थाची म्हण त्याच्या काळी इस्राएलात चालायची. यहेज्केल म्हणतो, ही म्हण आता बंद करा, ज्याचं पाप त्यानंच भोगावं. तुवालूतल्या पोराला हे वाचताना गंमत वाटत असेल. त्याचे दात आंबले आहेत खरे, पण ज्यांनी द्राक्षं खाल्ली ते त्याचे बापही नव्हते. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिढ्यांमधल्या न्यायाला स्वतंत्र जागा आहे. पुढच्यांना पृथ्वी देणं ही मेहरबानी नव्हे, ते त्यांचं देणं आहे, असा त्याचा रोख. किरिबाटीत निम्म्याहून अधिक लोक कॅथलिक आहेत, त्यामुळे तिथे हे परिपत्रक नुसतं वाचनालयात राहत नाही.

आता मुद्द्याचं. पीक खा, शेत ठेवा, हा नियम या दोन्ही देशांनी पैशाच्या रूपात लिहून काढला आहे.

तुवालूकडे खनिज नाही, कारखाने नाहीत. १९८७मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन यांच्याशी आंतरराष्ट्रीय करार करून ‘तुवालू ट्रस्ट फंड’ उभा राहिला. सुरुवातीची रक्कम सुमारे २ कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, तुवालूनंही आपला वाटा टाकला. नियम असा, की मुद्दलाची खरी किंमत कधीही घटू द्यायची नाही. खरी किंमत म्हणजे काय? समजा फंडात १०० रुपये आहेत आणि वर्षभरात महागाई ३ टक्के वाढली. म्हणजे मुद्दल आता १०३ धरायचं. गुंतवणूक वाढून १०८ झाली असेल, तर वरचे ५ रुपये काढता येतील. ती १०१ वर अडकली असेल, तर काही नाही. एक रुपयाही नाही, मग निवडणूक तोंडावर असो की बोटीचा पंखा मोडलेला असो. जे निघतात तेही आधी एका वेगळ्या खात्यात जातात, म्हणजे वाईट वर्षासाठी शिल्लक राहते. फंडाच्या संचालक मंडळावर देणग्या देणाऱ्या देशांचे प्रतिनिधी बसतात. हे कुणाला मानहानीचं वाटेल. मला ती या व्यवस्थेतली सगळ्यात शहाणी कलमबंदी वाटते, आणि का ते पुढच्या भागात दिसेल.

किरिबाटीचा फंड जुना, १९५६चा. पैसा आला बानाबा बेटावरच्या फॉस्फेटमधून. १९००पासून ते खणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांना खत म्हणून गेलं, १९७९मध्ये साठा संपला. आज फंडात एक अब्जाहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर आहेत. खाण संपली, फंड राहिला, म्हणून अर्थतज्ज्ञ त्याचं कौतुक करतात. कौतुकात एक गोष्ट राहून जाते. खाणीनं बानाबा खरवडून निघालं आणि १९४५च्या डिसेंबरात तिथल्या लोकांना फिजीतल्या राबी बेटावर हलवलं गेलं. एकाच्या नातवंडांसाठी ठेवलेली ठेव दुसऱ्याच्या नातवंडांच्या बेटातून खणून काढलेली होती. योबेलचा कायदा लिहिणाऱ्यानं हे पाहून काय म्हटलं असतं, हे सांगायला नको.

४. सरकार टिकत नाही तेव्हा

तुवालूच्या संसदेत आज १६ सदस्य आहेत, पूर्वी १५ होते. राजकीय पक्ष नाहीत. एक माणूस इकडचा तिकडे गेला की सरकार पडतं. २०१०च्या सप्टेंबरात मातिया तोआफा पंतप्रधान झाले, डिसेंबरात अविश्वास ठरावानं गेले. त्यांच्यानंतर आलेले विली तेलावी २०१३मध्ये पोटनिवडणुकीनंतर बहुमत गमावून बसले आणि संसदच बोलवेनात. अखेर गव्हर्नर जनरल इयाकोबा इतालेली यांनी १ ऑगस्टला त्यांना पदावरून काढलं आणि एनेले सोपोआगा पंतप्रधान झाले. समुद्राविरुद्धचं काम तीस-चाळीस वर्षांचं, सरकारचं आयुष्य कधी तीन महिन्यांचं. अशा देशात फंडाची किल्ली पंतप्रधानाच्या खिशात नाही, ही केवढी सोय आहे!

किरिबाटीचं उदाहरण अधिक बोलकं आहे, कारण तिथे सरकार बदललं तशी दिशाच बदलली. अनोते तोंग २००३ ते २०१६ राष्ट्राध्यक्ष होते. लोकांना निर्वासित म्हणून नव्हे तर कामाची कौशल्यं शिकवून सन्मानानं बाहेर पाठवायचं, हे त्यांचं धोरण. २०१४मध्ये त्यांच्या सरकारनं फिजीच्या वानुआ लेवू बेटावर सुमारे २० चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली. विकणारं होतं चर्च ऑफ इंग्लंड. जगभर बातमी झाली: बुडणाऱ्या देशानं दुसऱ्या देशात जमीन घेतली. बातमीत कमी आलं ते हे, की त्या जमिनीवर आधीच एक वस्ती होती. एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर राबायला आणलेल्या सॉलोमन बेटांवरच्या मजुरांचे वंशज तिथे राहत होते. त्यांच्यासाठी जमिनीचा छोटा तुकडा राखला गेला, बाकीची त्यांच्या पायाखालून विकली गेली. चर्च पुढच्या पिढीच्या न्यायाबद्दल बोलतं तेव्हा त्याच्याच जुन्या सातबाऱ्यातली ही नोंद विसरता येत नाही.

२०१६मध्ये तानेती मामाउ निवडून आले. तेही श्रद्धाळू ख्रिस्ती, पण त्यांचं वाचन निराळं. देवानं दिलेली भूमी सोडायची नाही, ती उंच करायची, मासेमारी आणि पर्यटनातून देश सधन करायचा. त्यांची वीस वर्षांची विकासयोजना याच धाटणीची आहे. फिजीतली जमीन मागे पडली. २०१९मध्ये तैवानशी संबंध तोडून चीनशी जोडले गेले, त्यावरून सत्ताधारी पक्ष फुटला. २०२२मध्ये सरकारनं वरिष्ठ न्यायाधीशांना निलंबित केलं आणि वरची न्यायालयं जवळजवळ ठप्प झाली. जाणाऱ्याची तयारी एका राष्ट्राध्यक्षाची, राहणाऱ्याची दुसऱ्याची. दोघांनाही बायबलात आधार सापडतो. अब्राहाम घर सोडून निघाला होता, नाबोथानं राजा मागत असतानाही वडिलोपार्जित मळा दिला नव्हता. बायबल इथे निवाडा करत नाही.

पण अस्थिर काळात कागद कसा करावा, हे ते सांगतं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा आहे. शहर पडणार हे यिर्मयानं स्वतःच सांगितलेलं, त्यासाठी तो कैदेत. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानामेल येऊन म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत घे. शत्रूच्या ताब्यात जाणारं शेत! यिर्मया १७ शेकेल रुपं तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखताच्या दोन प्रती करतो, एक मोहोरबंद आणि एक उघडी, आणि दोन्ही मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे पुष्कळ काळ टिकतील. त्याला ते शेत नांगरायला मिळणार नव्हतं. नंतर येणाऱ्याला हक्क सांगता यावा म्हणून तो खत करून ठेवत होता.

तुवालूनं २०२३मध्ये हेच केलं. नव्या राज्यघटनेत लिहून ठेवलं, की हवामानबदलानं भूमी गेली तरी तुवालूचं राज्य कायम राहील. म्हणजे मतदानाचा हक्क, पासपोर्ट आणि भोवतालच्या समुद्रातल्या माशांवरचा हक्क जमिनीसोबत बुडणार नाही. हे एकतर्फी म्हणणं होतं. पण २३ जुलै २०२५ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं आपल्या सल्लादर्शक मतात म्हटलं, की भूभाग गमावला म्हणून राष्ट्राचं अस्तित्व संपेलच असं नाही.

५. वर्षाला २८०

९ नोव्हेंबर २०२३ला तुवालू आणि ऑस्ट्रेलिया यांनी ‘फालेपिली’ करारावर सह्या केल्या. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहता येईल, शिकता-कमावता येईल, आणि हवं तेव्हा परतही येता येईल. बदल्यात, दुसऱ्या कुठल्या देशाशी संरक्षणाचा करार करायचा तर तुवालूला ऑस्ट्रेलियाची संमती लागेल. माजी पंतप्रधान सोपोआगा यांनी याला सार्वभौमत्वाचा सौदा म्हणून विरोध केला. करार करणारे पंतप्रधान कौसेआ नातानो दोनच महिन्यांनी निवडणुकीत स्वतःची जागाही हरले. तरी पुढचे पंतप्रधान फेलेती तेओ यांनी करार ठेवला आणि तो २०२४च्या ऑगस्टमध्ये अमलात आला.

तेओ यांचे हवामानबदल खात्याचे मंत्री माइना तालिया हे धर्मशास्त्राचे डॉक्टर आहेत. शेजाऱ्यावर प्रीती कर ही आज्ञा हवामानाला लावली तर काय होतं, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारा एवढाच नव्हे. ज्याच्या धुरानं माझं पाणी खारं होतं, तोही शेजारी आणि त्याच्यावर माझा हक्क आहे, अशी त्यांची मांडणी. ते पटलं तर ऑस्ट्रेलियानं दिलेले व्हिसा मदतीच्या खात्यात मांडता येत नाहीत, देण्याच्या खात्यात मांडावे लागतात. ऑस्ट्रेलिया जगातला मोठा कोळसा निर्यातदार आहे, हे तालिया विसरू देत नाहीत.

हे २८० जण निवडायच्या २०२५च्या पहिल्या सोडतीसाठी कुटुंबीय धरून साडेआठ हजारांहून अधिक लोकांनी नावं नोंदवली. ११ हजारांच्या देशात. नवे जन्म आणि परत येणारे सोडून दिले, तर वर्षाला २८० या गतीनं सगळा देश ऑस्ट्रेलियात जायला चाळीसेक वर्षं लागतात. याच काळात फुनाफुटीत उथळ पाण्यातली वाळू उपसून सुमारे ७ हेक्टर उंच जमीन नव्यानं तयार झाली आहे. सरकार दोन्ही वाटा चालू ठेवतंय.

यात ट्रस्ट फंडाचा प्रश्न उरतो. १९८७मध्ये नियम झाले तेव्हा गृहीत होतं, की पुढची पिढी बेटावरच असेल. मघाच्या उदाहरणातले वरचे ५ रुपये सरकारकडे जातील, सरकार शाळा आणि दवाखाने चालवील. आता समजा २०५०मध्ये निम्मे तुवालूवासी ब्रिस्बेन आणि मेलबर्नमध्ये आहेत. त्या ५ रुपयांत त्यांचा वाटा किती? बेटावर राहिलेल्यांच्या बांधाला तो सगळा जावा, की परदेशात वाढणाऱ्या मुलांना आपली भाषा शिकवायला काही यावा? लेवीयच्या कायद्यात जमीन कुटुंबाकडे परत जायची, कुटुंब कुठे राहतं हे तिथे विचारलेलं नाही. तुवालूच्या संसदेला मात्र ते विचारावं लागेल, आणि तेही सोडतीतून जाणाऱ्यांची संख्या राहणाऱ्यांपेक्षा जास्त व्हायच्या आत, कारण नंतर मतं कुणाची मोजायची यावरच वाद होईल.